नव्वद सेकंदांचा रस्ता

१९८५ सालची भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरतात. भंडारा जिल्ह्यातल्या अशाच एका मंडईत बेबीबाई लांजेवार आपल्या कापडी राहुटीच्या तोंडाशी उभी राहून माणसांना एकेक करून आत सोडत होती. आत तिचा नवरा भोजराज होता आणि त्यांचं यंत्र होतं. माणसाच्या गळ्याइतकं उंच लाकडी खोकं, त्यात बसवलेला रंगीत पडदा, पडद्याखाली मोटारीचं स्टिअरिंग, उजव्या हाताला दोन खाचांचा गिअर आणि पायाशी दोन पायडल. पडद्यावर रस्ता धावायचा आणि खेळणाऱ्यानं आपली लाल मोटार त्या रस्त्यावरून हाकायची. पाळी नव्वद सेकंदांची. तेवढ्यात ठरलेला टप्पा गाठला, तर यंत्र आपण होऊन आणखी एक पाळी फुकट द्यायचं.

हे झालं आतलं. राहुटीच्या मागच्या अंगाला मात्र सकाळपासून दुसराच खेळ रंगला होता. बाबुलाल नावाचा धानाचा दलाल तिथं उभा राहून, आत गेलेला गडी टप्पा गाठतो की नाही यावर लोकांकडून पैजा लावून घेत होता. बेबीबाईनं ते पाहिलं. ती आत जाऊन नवऱ्याला म्हणाली, "अजी, त्या बाबुलालले हाकला न इथून. लोकं पैजा लावून राहिले."

"लावू दे," भोजराज यंत्राच्या मागं डोकं खुपसून म्हणाला. "आपण थोडीच लावून राहिलो? त्याच्यानं गर्दी होते."

"मले हे बरं नाही दिसत."

"तू बाहेरच्या पाळ्या पाह्य."

ती बाहेर आली. दुपारचे बारा वाजले असतील-नसतील, तेवढ्यात गर्दीतून खाकी टोप्या येताना दिसल्या. एक जमादार, दोन शिपाई आणि पंच म्हणून धरून आणलेले गावातले दोघे. बाबुलाल कधी सटकला ते कोणाला कळलंही नाही. जमादार सरळ आत शिरला आणि त्यानं विचारलं, "यंत्र कोणाचं?"

"माझं, साहेब."

"जिंकणाऱ्याला काय मिळतं?"

"काही नाही साहेब, एक पाळी जास्तीची भेटते."

"म्हणजे बक्षीस भेटते. आणि बाहेर पैजा लागून राहिल्या. हा जुगार झाला."

"जुगार कायचा साहेब? हा त खेळ होय. चालवता आलं त पुढं जाते, नाही आलं त ठोकते."

"ते कोर्टात सांगजो."

पंचनामा झाला. यंत्र बैलगाडीवर चढवलं गेलं. वर जाताना खोकं एका बाजूला कललं आणि आत काहीतरी खडखडलं, तसा भोजराज पुढं झाला. शिपायानं त्याला दंडाला धरून मागं ओढलं. मग जमादारानं स्टिअरिंगला सुतळी गुंडाळली, गाठीवर लाख ओतली आणि तिच्यावर शिक्का दाबला. बेबीबाई ती लाख थिजेपर्यंत पाहत राहिली. भोजराजला पाच वाजेपर्यंत ठाण्यात बसवून जामिनावर सोडलं.

यंत्र गेलं म्हणजे किती गेलं, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

बेबीबाई मूळची एकोडीची. बाप केवळराम धानाची शेती करायचा आणि शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल पाळायचा. बैलांची जोडी पटावर सुटली की घड्याळवाले सेकंद मोजत, आणि केवळराम निकालाची वाट न पाहता लेकीला विचारी, "कोणता बैल दबला वो, बेबी?" ती सांगायची. बहुतेक वेळा बरोबर सांगायची. पोरीच्या जातीनं पटावर जोडी हाकायची नाही, एवढं मात्र ठरलेलं होतं. तिनंही कधी हट्ट धरला नाही.

१९७४ साली तिचं लग्न तुमसरच्या भोजराजशी झालं. राईसमिलांच्या रस्त्यावर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस हाताचा हुशार, डोक्यानं तापट आणि नव्या यंत्राचा वेडा. ७७ साली तो नागपूरला एका प्रदर्शनात मोटार चालवण्याचा खेळ पाहून आला आणि तसाच खेळ आपण करायचा म्हणून महिनाभर दुकान बंद करून बसला. शिलाई मशीनच्या मोटरीवर त्यानं जाड कापडाचा गोल पट्टा फिरता केला. पट्ट्यावर पत्र्याची छोटी मोटार आणि ती इकडेतिकडे सरकवायला स्टिअरिंग. भंडाऱ्याच्या भांडेवाल्यांकडून पितळेच्या उरलेल्या पट्ट्या आणून त्या रस्त्याच्या दोन्ही काठांना लावल्या. मोटार काठाला शिवली की घंटी वाजायची आणि लाल दिवा लागायचा. पट्ट्यावरचा रस्ता बेबीबाईनं रंगवला. रस्त्याच्या कडेनं तिनं धानाच्या चौकोनी बांध्या काढल्या, मोहाची झाडं काढली, तळं काढलं, मिलचं धुराडं काढलं. मंडईत लोक खेळायचे कमी आणि "अबे, हा त आपला तुमसरचा रोड होय!" म्हणून पाहत उभे राहायचे जास्त.

मग ८२ साली नागपूरच्या एका हॉटेलानं टाकून दिलेलं काळ्यापांढऱ्या पडद्याचं यंत्र आलं. त्यात रस्ता घारीच्या नजरेनं दिसायचा, थेट वरून. मोटार म्हणजे एक पांढरा किडा, आणि समोरून येणारे दुसरे किडे चुकवत जायचं. त्यात शर्यत होती ती फक्त न धडकण्याची. आणि ८४ साली हे रंगीत. यात रस्ता मोटारीच्या मागं उभं राहून पाहावा तसा दिसायचा: पुढं डोंगर, वळणं, लांबून लहान दिसणाऱ्या आणि बघता बघता अंगावर येणाऱ्या गाड्या. यात शर्यत वेळेशी होती. भोजराज सांगायचा, नागपुरात आता मोटारसायकलवर बसून कलंडायचं यंत्रही आलं आहे, आणि दोघांनी शेजारी बसून एकमेकांशी शर्यत लावायचंही. बेबीबाईला त्यांचं काही नव्हतं. तिला हेच आवडलं.

प्रत्येक मुक्कामी राहुटी उघडायच्या आधी यंत्र चालवून पाहावं लागे. गावची वीज कधी जोरात, कधी मेलेली. भोजराज मागं बसून व्होल्टेज पाही, तारा पाही, आणि पुढं बसून चालवायला कोणीतरी लागे. ती बसायची. वर्षभरात तिचा हात असा बसला की टप्पा गाठणं तिला भाकर उलटण्यासारखं झालं. भोजराजचं याच्या उलट. तो चालवायला बसला की त्याचं अर्धं चित्त पडद्याच्या रंगाकडे आणि अर्धं आतल्या आवाजाकडे असे. समोरून ट्रक आला तरी त्याला तो ट्रक म्हणून दिसत नसे, चित्राची कड फाटलीय का ते दिसे. त्यानं टप्पा कधीच गाठला नव्हता. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

खटला उभा राहिला. वकील मिळाले मारोतराव. वयस्क, बारीक आवाजाचे, आणि एका वाक्याला तीनदा चष्मा पुसणारे. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "हे पाहा, कायद्यात एकच प्रश्न आहे. हा खेळ हुन्नराचा आहे की नशिबाचा? हुन्नराचा असला तर जुगार नाही. नशिबाचा असला तर यंत्र जाईल, आणि भोजराज, तुम्हीही आत जाल."

"हुन्नराचा आहे, वकीलसाहेब."

"मला माहीत आहे हो. पण मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते यंत्र कधी पाहिलेलं नाही. मी अर्ज केला आहे, की यंत्र कोर्टात लावू, आणि चालवून दाखवू. तुमच्यात सगळ्यात चांगलं कोण चालवतं?"

बेबीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. भोजराज जमिनीकडे पाहत म्हणाला, "मीच."

अर्ज मंजूर झाला. तारीख पडली फेब्रुवारीची. यंत्र ठाण्याच्या कोठीत सीलबंद, त्यामुळं सरावाला जागा नाही. भोजराज दुकानात स्टुलावर बसून सायकलची जुनी रिम दोन्ही हातांत धरून डावीउजवीकडे फिरवायचा, पायानं जमीन दाबायचा, आणि डोळे मिटून तोंडानं इंजिनाचा आवाज काढायचा. शेजारचे हसायचे. बेबीबाईला हसू येत नव्हतं. एकदा जेवताना तिनं हळूच विषय काढला.

"मी चालवू का कोर्टात?"

त्याचा घास थांबला. "तू?"

"मले येते म्हणून म्हटलं."

"अन् लोकं काय म्हणतील मले? आरोपी मी. यंत्र माझं. अन् माझी बायको चार माणसाईत पदर खोचून गाडी चालवते?"

"लोकाइच्या म्हणण्यापायी आत जाता का?"

त्यानं ताट पुढं सरकवलं आणि उठून हात धुतले. तो विषय तिथंच मिटला. मात्र त्या दिवसापासून बेबीबाईच्या मनाला एक घोर लागून राहिला. ती तांदूळ निवडताना, पाणी भरताना त्या रस्त्याची उजळणी करायची. पहिलं वळण डावं. मग लांब सरळ, तिथं वरचा गिअर. मग पूल, पुलावर कडेला सरकायचं नाही. गाड्या कुठून येतील ते दर वेळी वेगळं, पण रस्ता तोच.

तारखेच्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. यंत्र साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी आणून ठेवलं होतं. कोठीतल्या ओलीनं लाकडाला बुरा आला होता. जमादारानं सगळ्यांसमोर लाख फोडली, सुतळी सोडली. भोजराजला दहा मिनिटं यंत्र तपासू दिलं; त्यानं सोबत आणलेला स्टॅबिलायझर जोडला, मागचं झाकण काढून फुंकर मारली, दोन तारा दाबल्या. खटका ओढल्यावर पडदा आधी हिरवा झाला, मग थरथरला, मग त्यावर डोंगर उभे राहिले आणि बाकांवरून एकदम "हाऽऽ" असा आवाज आला. मॅजिस्ट्रेटनी टेबलावर पेन्सिल आपटली.

मॅजिस्ट्रेट चाळिशीचे होते. चेहऱ्यावरून काही कळू न देणारे. त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

सरकारी वकील उठले. "समोरून येणाऱ्या गाड्या यंत्र आपल्या मर्जीनं सोडतं. खेळणाऱ्याला आधी कळत नाही. जे आधी कळत नाही ते नशीब. आरोपी म्हणतो, हा हुन्नर आहे. मग त्यानं लागोपाठ तीनदा टप्पा गाठून दाखवावा. एकदा तर कोणाचाही नेम लागतो."

मारोतरावांनी चष्मा पुसला आणि अट मान्य केली. इलाज नव्हता.

मॅजिस्ट्रेटनी आणखी एक सांगितलं: एकदा खेळ सुरू झाला की आरोपीनं किंवा कोणीच यंत्राच्या तारांना हात लावायचा नाही.

भोजराज स्टुलावर बसला. त्याच्या मानेवरून घामाची धार उतरताना बेबीबाईला मागच्या बाकावरून दिसली. मोटार निघाली. डावं वळण त्यानं नीट घेतलं. लांब सरळ रस्ता आला, त्यानं गिअर टाकला, आणि नेमका त्याच वेळी पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात रंग जरासा फाटला. बेबीबाईनं ते पाहिलं आणि तिनं डोळेच मिटले. काय होणार ते तिला कळलं होतं. भोजराजची नजर त्या कोपऱ्यात गेली. धडाऽऽम! पडद्यावर मोटारीच्या चिंधड्या उडाल्या. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुलावर कठड्याला घासला, पुन्हा धडकला. नव्वद सेकंद संपले तेव्हा तो टप्प्याच्या निम्म्यातही नव्हता.

बाकांवर कोणीतरी फसकन हसलं.

"साहेब," सरकारी वकील शांतपणे म्हणाले, "यंत्राचा मालकच ते चालवू शकत नाही. आठ वर्षं हा धंदा करणाऱ्याच्या हातात जे राहत नाही, त्याला हुन्नर म्हणायचं का?"

भोजराज स्टुलावर तसाच बसून होता. हात अजून स्टिअरिंगवर. मारोतराव उठले आणि नुसता चष्मा पुसत राहिले.

बेबीबाई उभी राहिली ते तिला स्वतःलाच नंतर कळलं. "साहेब," ती म्हणाली. मग तिनं मोठ्यानं म्हटलं, "साहेब, मले चालवू द्या."

सगळी डोकी मागं वळली. "आपण कोण?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"त्याइची बायको. बेबीबाई. मंडईत यंत्र लावलं का मीच चालवून पाहातो दररोज. त्याइचं काम मागचं आहे साहेब, तारा-बिरा. पुढचं काम माझं."

सरकारी वकिलांनी हरकत घेतली. मारोतरावांना एकदम वाचा फुटली. यंत्र कोणी चालवायचं याचा आदेशात उल्लेख नाही, असं त्यांनी कागद वर धरून सांगितलं. मॅजिस्ट्रेटनी कागद पाहिला, मग बेबीबाईकडे पाहिलं. "शपथ घ्या."

शपथ झाली. ती स्टुलाजवळ आली तेव्हा भोजराज उठला. दोघांची नजरानजर झाली. त्याच्या चेहऱ्यावर राग असेल असं तिला वाटलं होतं. तिथं राग नव्हता, नुसती भीती होती. ती पाहून तिची स्वतःची भीती थोडी कमी झाली. तिनं पदर कमरेला खोचला, चपला काढून अनवाणी पाय पायडलवर ठेवले.

पहिल्या पाळीत तिचे हात परके वाटत होते. साडेतीन महिने झाले होते. डावं वळण तिनं जरा जास्तच मोठं घेतलं, चाक कडेच्या मातीत गेलं, मोटार हादरली. तिनं पाय उचलला, सावरली, पुन्हा दाबला. सरळ रस्त्यावर समोरून पिवळी गाडी आली, तिच्यामागं निळी. पिवळीच्या आडून निळी बाहेर निघणार हे तिला गाडी निघायच्या आधी कळलं, आणि ती आधीच डावीकडे झाली होती. पूल गेला. डोंगर गेला. घंटी वाजली. टप्पा पार झाला तेव्हा सात सेकंद बाकी होते.

मॅजिस्ट्रेटनी काहीतरी लिहून घेतलं. "दुसरी."

दुसऱ्या पाळीत अकरा सेकंद बाकी राहिले. आता बाकांवरची माणसं पुढं झुकून पाहू लागली होती, आणि दारातल्या शिपायानं मान लांब केली होती. मॅजिस्ट्रेटनी मध्येच हात वर केला आणि जमादाराला बोलावलं. "तुम्ही बसा. तुमच्याही तीन पाळ्या."

जमादारानं टोपी काढली. पहिल्या पाळीत तो पहिल्याच वळणावर फुटला. दुसऱ्यात वळण ओलांडून सरळ रस्त्यावर फुटला. तिसऱ्यात चक्क पुलापर्यंत पोचला आणि तिथं धडकल्यावर त्यानं सगळ्यांसमोर मांडीवर थाप मारली. मॅजिस्ट्रेटनी तिन्ही वेळा लिहून घेतलं.

"आता बाईंची शेवटची."

बेबीबाई पुन्हा बसली. हात आता तिचे होते. डावं वळण, गिअर, सरळ. ट्रक, त्याच्यामागं काही नाही, दाब. पूल. चाळीस सेकंद शिल्लक होते आणि टप्पा फार लांब नव्हता. एवढ्यात कोर्टाच्या मागच्या बाजूनं घरघर ऐकू आली. राईसमिल सुरू झाली होती. राईसमिलांच्या रस्त्यावर अकरा-बारा वर्षं काढलेल्या बाईला तो आवाज ओळखायला वेळ लागत नाही. मिलनं वीज ओढली तसा छताचा पंखा मंदावला. पडद्यावरचं चित्र आक्रसलं, वरून खाली घरंगळलं आणि पडदा काळा झाला.

आवाज मात्र चालूच होता. आतलं इंजिन त्याच घोगऱ्या सुरात ओरडत होतं. म्हणजे काळोखामागं मोटार धावत होती, रस्ता सरकत होता, गाड्या येत होत्या. फक्त दिसत नव्हतं.

भोजराज स्टॅबिलायझरकडे झेपावला. "हात लावायचा नाही!" शिपाई ओरडला आणि त्यानं त्याला भिंतीशी दाबून धरलं.

रस्ता बेबीबाईला पाठ होता. इथून थोडं सरळ, मग उजवं मोठं वळण. पाय दाबून ठेवला असता तर कदाचित निघालीही असती. पण गाड्या? गाड्या कुठं असतील ते कोणाला माहीत? तिनं डाव्या पायानं ब्रेक दाबला, गिअर खाली ओढला आणि थांबली. इंजिनाचा आवाज उतरत उतरत गुरगुरण्यावर आला. ती काळ्या पडद्यासमोर हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिली. एकेक सेकंद चालला होता. मागं कोणीतरी पुटपुटलं, "गेलं आता."

दहा-बारा सेकंदांनी पंखा पुन्हा फिरू लागला. चित्र वरखाली होत जागेवर आलं. तिची लाल मोटार रस्त्यात उभी होती, आणि तिच्यासमोर हातभर अंतरावरून एक ट्रक निघून चालला होता. तिनं पाय दाबला. उजवं वळण घेतलं, दोन गाड्या मागं टाकल्या, लांबून टप्प्याची पाटी दिसली, जवळ आली, आणखी जवळ आली, आणि वेळ संपली. पाटीपर्यंत पाच-सहा मोटारींच्या लांबीएवढं अंतर उरलं होतं.

बेबीबाईनं हात मांडीवर घेतले.

"तिसऱ्यांदा टप्पा गाठला गेला नाही," सरकारी वकील म्हणाले. "अट तीनची होती. आणि वीज जाणं-येणं हेही नशीबच."

मारोतराव चष्मा पुसायचे विसरले होते. ते विजेबद्दल बोलू लागले, पण मॅजिस्ट्रेटनी त्यांना हातानं बसवलं आणि सरळ बेबीबाईला विचारलं, "पडदा गेला तेव्हा तुम्ही गाडी थांबवली?"

"हाव, साहेब."

"का? वेळ जात होती, हे माहीत होतं ना?"

"रस्ता दिसून नाही राहिला होता, साहेब."

"तुम्हाला रस्ता पाठ असेल. अंदाजानं चालवायची होती."

"रस्ता पाठ आहे. पण समोरून येनारं पाठ नाही राहत. लागली त लागली, नाही त नाही, असं चालवनं मले जमत नाही, साहेब."

मॅजिस्ट्रेटनी मान खाली घालून बराच वेळ लिहिलं. शेवटी त्यांनी निकालाची तारीख दिली आणि उठले.

निकाल लागेपर्यंतचे बावीस दिवस त्या घरात फार कठीण गेले. भोजराज दुकानात जायचा आणि न बोलता परत यायचा. राईसमिलांच्या रस्त्यावर लोक त्याला म्हणायचे, "काय भोजराज, बायको बढिया गाडी चालवते म्हणे!" त्यातले निम्मे कौतुकानं म्हणत, पण त्याला सगळे सारखेच ऐकू येत. बेबीबाईनं एकदाही त्याला कोर्टातलं काही विचारलं नाही. वेळेवर जेवू घातलं, वेळेवर उठवलं. एका सकाळी चहाचा कप हातात घेऊन तो अचानक म्हणाला, "मी वकीलसाहेबाइले खोटं सांगतलं होतं."

"माहीत आहे मले."

"तू तवाच काहून नाही बोलली?"

"तुमच्या तोंडून निघून गेलं होतं. चार लोकाइत कसं खोडावं?"

त्यानं कप खाली ठेवला. "मग कोर्टात काहून उठली?"

"तुमाले घेऊन जातील असं वाटलं," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

निकालाच्या दिवशी मॅजिस्ट्रेटनी तीन पानं वाचून दाखवली. इंग्रजी होतं, मारोतराव हळू आवाजात मराठी करून सांगत होते. शिकाऊ माणूस प्रत्येक पाळीला सुधारतो, हे जमादारावरून दिसलं. सराईत माणूस पुन्हा पुन्हा तोच परिणाम साधतो, हे दोन पाळ्यांत दिसलं. आणि तिसऱ्या पाळीबद्दल साहेबांनी लिहिलं होतं, की नशिबावर विसंबणारा माणूस थांबत नाही. या बाईंनी हरणं पत्करून गाडी थांबवली, तिथं त्यांचा निर्णय दिसला, आणि जिथं निर्णयाला वाव आहे तो खेळ हुन्नराचा. यंत्र परत द्यावं. मात्र राहुटीमागं पैजा चालल्या आहेत हे माहीत असून मालकानं त्या थांबवल्या नाहीत, म्हणून त्याला दंड आणि ताकीद.

"दंड बरोबर आहे," भोजराज मारोतरावांना म्हणाला. त्यांना ते ऐकून आश्चर्य वाटलं.

यंत्र घरी आलं ते पावसाळ्याच्या तोंडावर. कोठीत उंदरांनी आतल्या तारा कुरतडल्या होत्या आणि स्पीकरचा पुठ्ठा खाऊन टाकला होता. पंधरा दिवस दोघं त्यावर बसली. भोजराज तारा जोडायचा. बारीक झाळकाम त्याच्या डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा बेबीबाईनं सोल्डरिंगची डागणी हाती घेतली आणि तो सांगेल तसे टाके मारले. त्या दिवाळीनंतर पुन्हा मंडया केल्या. खेळ सुरू करायच्या आधी भोजराज बाहेर येऊन मोठ्यानं सांगायचा, "पहिली पाळी बाई चालवून दाखवतील, नीट पाहून घ्या." ती चालवायची. तिला पाहून बाया पुढं यायला लागल्या. आधी नुसत्या पाहायला, मग एखादी सासूबाईचा डोळा चुकवून स्टुलावर बसायची. एका मंडईत शकुनबाई नावाची साठीची म्हातारी पहिल्याच वळणावर चारदा फुटली आणि पाचव्यांदा वळण निघाल्यावर "निघाली वो माय, निघाली!" म्हणून इतकी ओरडली, की बाहेरची गर्दी काय झालं म्हणून आत घुसली.

असे दोन हंगाम गेले. मग तालुक्यातालुक्यात व्हिडिओवर सिनेमे दाखवणारे आले, घरोघरी टीव्ही आले, आणि राहुटीत शिरणारी माणसं कमी होत गेली. ८८ साली गोंदियाचा एक माणूस यंत्र विकत घेऊन गेला. भोजराजनं दुकान वाढवून पंपाच्या मोटरी गुंडाळायचं काम सुरू केलं. त्यातलं बारीक काम बेबीबाईकडे आलं, आणि हळूहळू सगळंच काम तिच्याकडे आलं. आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी जळलेली मोटर सायकलला बांधून आणायचे आणि दारातून हाक मारायचे, "मोटरवाली बाई आहे का घरी?"

नवीन आलेल्यांना वाटे, पंपाच्या मोटरींवरूनच ते नाव पडलं असेल. नाव मंडईतल्या लाल मोटारीपासूनचं होतं, पण ती कोणाचा समज दुरुस्त करायला जात नसे. मोटर उतरवून घ्यायची, कानाशी धरून हातानं एकदा फिरवून पाहायची, आणि सांगायची, "परवा घेऊन जाजो, भाऊ."